पोटात दुखतंय, असं तो म्हणाला: वृषणाला पीळ पडल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सर्जन म्हणून काम करतो. हे प्रकरण तिथल्याच एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलाचं आहे. वय 14, इयत्ता नववी, कबड्डीच्या संघात, तब्येतीने ठणठणीत. घर 25 किलोमीटरवरच्या गावात, वडील शेतकरी. मुलाची आणि वडिलांची परवानगी घेऊन लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण घड्याळातल्या वेळा जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळं काही वेळेवरच अवलंबून होतं.

त्या रात्री आणि सकाळी

जानेवारीतली थंडीची रात्र. 3 च्या सुमारास पोटात कळ येऊन मुलाला जाग आली. शेजारच्या मित्राने रेक्टर सरांना उठवलं. ‘कुठं दुखतंय?’ असं सरांनी विचारल्यावर मुलाने बेंबीखाली हात ठेवला. संध्याकाळी जेवणात वाटाण्याची उसळ होती, त्यामुळे सरांना गॅस वाटला. त्यांनी ओवा आणि अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि अर्धा तास त्याच्याजवळ बसले. माणूस काळजी घेणारा आहे, हे मुद्दाम सांगतो.

7 वाजता मुलाने चहा घेतला आणि लगेच उलटी केली. 9 वाजता त्याला गावातल्या एका फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात गर्दी होती आणि खोलीत रेक्टर सर, वर्गातला एक मुलगा आणि कंपाउंडर असे तिघे उभे होते. डॉक्टरांनी शर्ट वर करून पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. ताप नव्हता. त्यांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि 9.40 ला मला फोन केला.

तो फोन माझ्या चांगला लक्षात आहे. ते म्हणाले, ‘चौदा वर्षांचा मुलगा आहे, खाली पोटात दुखतंय, एक उलटी झाली, पोट मऊ आहे. अपेंडिक्सची सुरुवात असेल का?’ मी ओपीडीत होतो. म्हणालो, ‘रक्त तपासायला पाठवा, काही खायला देऊ नका, दुपारी मला दाखवा.’ अंडकोश पाहिला का, हे मी विचारलं नाही. या प्रकरणातला पहिला मोठा निर्णयाचा क्षण तो होता आणि तो माझ्या हातून निसटला.

दुपारी 12.15 ला वडील आणि मामा पोचले. इंजेक्शनमुळे दुखणं थोडं बोथट झालं होतं. मुलगा उठून मोरीकडे निघाला तेव्हा मामाला त्याची चाल वेगळी दिसली, पाय फाकवून, डाव्या बाजूला वाकून. मामाने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि विचारलं. मुलगा आधी रडला. मग म्हणाला, ‘मामा, पोटात न्हाई, खाली दुखतंय. कुणाला सांगू नका.’

मामा त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून थेट माझ्याकडे घेऊन आला. घड्याळात 1.10 वाजले होते. दुखणं सुरू होऊन 10 तास उलटले होते.

खालचं दुखणं पोटात का जाणवतं

मुलगा खोटं बोलत होता असं कुणी समजू नये. त्याला खरोखरच पोटातही दुखत होतं, आणि त्याचं कारण शरीररचनेतच आहे.

गर्भात वृषण तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांजवळ. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते जांघेतून खाली सरकत अंडकोशात उतरतात. उतरताना ते आपली रक्तवाहिनी आणि मज्जातंतू सोबत घेऊन येतात. म्हणून वृषणाची रोहिणी आजही पोटातल्या महारोहिणीतून निघते, आणि त्याच्या वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यात बेंबीच्या पातळीवर पोचतो. मेंदूला हा निरोप पोटातूनच आल्यासारखा वाटतो. मळमळ आणि उलटीही त्यातूनच. किशोरवयीन मुलाच्या पोटदुखीत खाली पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही, ती याच कारणाने.

वृषण अंडकोशात लटकतो तो एका दोरावर. त्या दोरात रोहिणी असते, अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलांचं जाळं असतं, मज्जातंतू असतात आणि शुक्राणू वर नेणारी शुक्रवाहिनी असते. वृषणाच्या मागच्या बाजूला अधिवृषण चिकटलेलं असतं. ही सुमारे 6 मीटर लांबीची, गुंडाळून बसलेली एकच बारीक नळी आहे आणि शुक्राणू तिच्यात पक्व होतात. पोटाच्या आत उष्णता जास्त असते आणि शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं, म्हणून हा अवयव बाहेर लोंबतो. डावा बहुतेकांचा उजव्यापेक्षा थोडा खाली असतो. मुलं यावरूनही घाबरतात, म्हणून सांगून ठेवतो की ते नैसर्गिक आहे.

वृषणाला पुढून आणि बाजूंनी एक पातळ दुपदरी पिशवी वेढते. मागची बाजू मोकळी राहून अंडकोशाला धरून असते, त्यामुळे वृषण गोल फिरू शकत नाही. काही मुलांत मात्र ही पिशवी जन्मतःच वृषणाला चहूबाजूंनी वेढून वर दोरापर्यंत जाते. मग वृषण घंटेच्या लोळ्यासारखा मोकळा लोंबकळतो. झोपेत, थंडीत स्नायू आखडल्यावर, खेळताना किंवा अगदी काही कारण नसतानाही तो दोराभोवती फिरतो. दोराला पीळ पडला की आधी नीला दबतात, रक्त तुंबून वृषण सुजतो, आणि मग रोहिणीही बंद होते. तिथून घड्याळ सुरू होतं. 6 तासांच्या आत पीळ सुटला तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त वृषण वाचतात. 12 तासांपर्यंत निम्मे वाचतात. 24 तासांनंतर एखाद-दुसराच.

तपासणी

सर्वांना बाहेर पाठवून, मुलाला विचारून, मी कपडे उतरवले. अंडकोशाची डावी बाजू सुजलेली, लालसर. डावा वृषण उजव्याच्या वर चढलेला आणि आडवा, हाताला टणक. हात लावताच मुलाने दात आवळले. मांडीच्या आतल्या बाजूला हलकं ओरखडलं की त्या बाजूचा वृषण चटकन वर उचलला जातो. उजवा उचलला गेला. डावा जागचा हलला नाही.

या तपासणीला गुण देण्याची एक पद्धत 2013 साली मांडली गेली आणि ती मला छोट्या गावात फार उपयोगी वाटते. सूज असेल तर 2 गुण, वृषण टणक असेल तर 2, मांडीचा प्रतिसाद नसेल तर 1, मळमळ किंवा उलटी असेल तर 1, वृषण वर चढलेला असेल तर 1. एकूण 7. 5 किंवा जास्त गुण म्हणजे पीळ असण्याची शक्यता फार मोठी. या मुलाला सातपैकी सात होते.

आणखी काय असू शकलं असतं

रेक्टर सर मागाहून आले आणि त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. महिनाभरात वसतिगृहातल्या दोन मुलांना गालगुंड झाले होते. वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना गालगुंडात वृषणाची सूज येऊ शकते आणि ती चांगलीच दुखते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही, त्यामुळे हा विचार करणं भाग होतं. पण ती सूज बहुधा गाल सुजल्यावर चार-आठ दिवसांनी येते आणि सोबत ताप असतो. या मुलाचे गाल सुजले नव्हते आणि दुखणं एका क्षणात सुरू झालं होतं.

आदल्या संध्याकाळी कबड्डीचा सराव झाला होता. मार लागला का, हे मी विचारलं. कुणी मारलं का, कुणी त्रास देतं का, हेही एकट्यात विचारलं, कारण वसतिगृहातल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न टाळू नये. तो नाही म्हणाला. मार लागला असता तरी पीळ नाही असं ठरलं नसतं. ‘चेंडू लागला होता’ या एका वाक्यावर कितीतरी पीळ घरी बर्फ लावत वाया जातात.

अधिवृषणाची जंतूंमुळे येणारी सूज हे सर्वात फसवं निदान. ती सहसा दिवसभरात किंवा दोन-तीन दिवसांत वाढत जाते, ताप येतो, लघवीला जळजळ होते. तरुणांत ती बहुतेकदा लैंगिक संबंधातून येणाऱ्या जंतूंमुळे आणि मोठ्या वयात लघवीच्या जंतुसंसर्गातून होते. चौदा वर्षांच्या मुलात ती नसतेच असं नाही, पण तिचं नाव लावून अँटिबायोटिक देणं म्हणजे पीळ असेल तर वृषणावर पाणी सोडणं. 7 ते 12 वर्षांच्या मुलांत वृषणाच्या टोकाला असलेला एक तीळभर अवशेष पिळला जातो. कधी कधी तिथे त्वचेखालून निळा ठिपका दिसतो. ते दुखणं विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्यांनी आठवडाभरात जातं, पण तेही खात्री झाल्यावरच म्हणायचं. जांघेत अडकलेला हर्निया मी हाताने चाचपून बाजूला ठेवला.

मोठ्या माणसांच्या बाबतीत यादी वेगळी असते. मूत्रनलिकेतला खडा कंबरेतून जांघेत आणि वृषणात कळ पाठवतो, पण वृषण हाताला मऊ, न दुखणारा लागतो. डाव्या बाजूच्या नीला फुगल्या तर दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी ओढ लागल्यासारखं होतं. नीलांची ही फुगवण डावीकडे जास्त दिसते, कारण डावी नीला मूत्रपिंडाच्या नीलेत काटकोनात मिळते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागात हत्तीरोगातून अंडवृद्धी होते, तिच्यात दुखण्यापेक्षा जडपणा जास्त. आणि न दुखणारी टणक गाठ लागली तर तिची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी, कारण वृषणाचा कर्करोग तरुण वयातच जास्त होतो आणि सुरुवातीला सहसा दुखत नाही.

समोर असलेले मार्ग

कलर डॉपलर सोनोग्राफी करून वृषणात रक्त जातं का ते पाहणं हा पुस्तकातला मार्ग. सोनोग्राफीचे डॉक्टर त्या दिवशी शेजारच्या तालुक्याला होते, यायला दीड तास लागणार होता. शिवाय डॉपलर शंभर टक्के खात्री देत नाही. पीळ अर्धवट असला तर रक्त वाहताना दिसतं आणि खोटा दिलासा मिळतो. गुण कमी असते तर मी थांबलो असतो. सातपैकी सात असताना थांबण्यात अर्थ नव्हता.

दुसरा मार्ग जिल्ह्याच्या ठिकाणी मूत्रविकारतज्ज्ञाकडे पाठवणं. 70 किलोमीटर, आणि कारखाने सुरू असल्याने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तिथे पोचून टेबलावर जाईपर्यंत किमान तीन तास. ही शस्त्रक्रिया कोणत्याही प्रशिक्षित सर्जनला येते. पाठवून मी फक्त माझी जबाबदारी दुसरीकडे सरकवली असती.

म्हणून लगेच शस्त्रक्रिया करायचं ठरलं. भूल देणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या येईपर्यंत हातानेच पीळ सोडवण्याचा प्रयत्न केला. वृषण साधारणपणे आतल्या बाजूला फिरलेला असतो, म्हणून पुस्तकाचं पान उघडावं तसा तो मांडीच्या दिशेने बाहेर फिरवायचा. जवळपास एक-तृतीयांश मुलांत तो उलट्या दिशेने फिरलेला असतो, म्हणून दुखणं वाढलं तर थांबायचं. मुलाला आधी सगळं समजावलं, वेदनाशामक दिलं. अर्ध्या फेऱ्यानंतर तो म्हणाला, ‘जरा बरं वाटतंय.’ पण वृषण पूर्ण खाली आला नाही. आला असता तरी शस्त्रक्रिया चुकली नसती, कारण लोळा मोकळाच राहतो आणि पुन्हा फिरतो.

वडिलांशी बोलणं हा यातला कठीण भाग. मी आकृती काढून सांगितलं की वृषण जिवंत असेल तर टाके घालून बसवू, मेला असेल तर काढावा लागेल, आणि दुसरी बाजूही टाके घालून पक्की करू. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, पुढं लग्नाचं काय?’ मी सांगितलं, एक निरोगी वृषण असला तर पुरुषी संप्रेरक पुरेसं तयार होतं, दाढी-मिशा, शरीरसंबंध, यात फरक पडत नाही आणि बहुतेकांना मूलही होतं. त्यांनी सही केली. सही वडिलांची असली तरी मुलालाही विचारलं. तो म्हणाला, ‘करा, पण शाळेत कळू देऊ नका.’

शस्त्रक्रिया

कमरेतून भूल दिली. 2.05 ला अंडकोशाच्या मध्यरेषेवर छेद घेतला. डावा वृषण काळपट निळा होता आणि दोराला अजून एक पूर्ण वेढा होता. 2.10 ला पीळ सोडवला. दुखणं सुरू होऊन 11 तास झाले होते.

कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात वृषण गुंडाळून ठेवला आणि तोवर उजवी बाजू उघडली. तिथेही तीच मोकळी रचना होती. ही रचना बहुतेकदा दोन्हीकडे असते, म्हणूनच दुसरी बाजू बसवणं ऐच्छिक मानू नये. न विरघळणाऱ्या धाग्याचे तीन टाके घालून ती पक्की केली.

मग डावीकडे परतलो. दहा मिनिटांत रंग काळ्यावरून जांभळ्यावर आला होता, गुलाबी झाला नव्हता. ठेवायचा की काढायचा? मेलेला वृषण आत ठेवला तर पू होतो, मुलाला पुन्हा टेबलावर यावं लागतं. वाचण्यासारखा काढला तर ते कायमचं. वृषणावरच्या जाड पांढऱ्या आवरणाला बारीक छेद दिला आणि थांबलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मग काळं रक्त आलं, आणि साताठ मिनिटांनी लाल. ठेवायचं ठरवलं. निर्णय बरोबर होता का, हे त्या टेबलावर कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढे काय झालं

तिसऱ्या दिवशी मुलगा घरी गेला. दुसऱ्या दिवशीच्या राउंडला त्याने आपण होऊन सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत सायकलवरून आल्यावर असंच दुखलं होतं आणि वीस मिनिटांत आपोआप थांबलं होतं. म्हणजे पीळ पडून सुटला होता. तेव्हा कुणाला कळलं असतं तर सावकाश दिवस ठरवून दोन्ही बाजूंना टाके घालता आले असते.

पू झाला नाही. सहा महिन्यांनी डावा वृषण उजव्याच्या साधारण निम्मा उरला होता. डॉपलरमध्ये त्यात रक्त जात होतं, पण कमी. उजवा वयाप्रमाणे नीट वाढत होता. पूर्ण वाचला असं मला म्हणता येत नाही. दोन महिन्यांनी तो कबड्डीला परतला, आता खेळताना गार्ड घालतो.

काय वेगळं करता आलं असतं

9.40 च्या फोनवर मी एक प्रश्न विचारला असता तर मुलगा 10 पर्यंत माझ्यासमोर असता आणि 11 च्या आत पीळ सुटला असता. 11 ऐवजी 8 तास. त्या तीन तासांत त्या वृषणाचं बरंच काही गेलं असावं. आता फोनवर कुणी दहा ते वीस वयाच्या मुलाची पोटदुखी सांगितली की मी रक्ताच्या आधी तेच विचारतो. फॅमिली डॉक्टरांशी मी मोकळेपणाने बोललो, माझ्या चुकीपासून सुरुवात करून. त्यांनी दवाखान्यात पडदा लावून घेतला आणि सोबत आलेल्यांना बाहेर बसवायला सुरुवात केली.

रात्री 3 वाजता रेक्टर सरांना कळणं कठीण होतं. तरी मुलगा कळवळून उठला आहे, उलटी झाली आहे, म्हणजे सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, एवढा नियम वसतिगृहात असता तर आपण 6 तासांच्या आत असतो.

मला सर्वात जास्त लागून राहिलं ते मुलाचं उत्तर. बरा झाल्यावर मी विचारलं होतं, रात्रीच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ‘काय म्हनून सांगू?’ त्याला त्या अवयवासाठी जे शब्द येत होते ते सगळे शिव्यांतले होते. ते सरांसमोर उच्चारले असते तर मार बसला असता. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आकृती आहे, ‘वृषण’ हा शब्दही आहे, पण तो नववीत होता. आपल्याकडे अवघड जागेच्या दुखण्यावर म्हण आहे, पण त्या जागेसाठी मुलाच्या तोंडी देण्याजोगा साधा शब्द घरात कुणी ठेवलेला नाही.

रेक्टर सरांनी मार्चमध्ये मला वसतिगृहात बोलावलं. फळ्यावर आकृती काढली, दोर, पीळ, सहा तास, सगळं सांगितलं, आणि शब्द ठरवून दिला: ‘वृषण म्हणा, गोटी म्हणा, नुसतं खाली दुखतंय म्हणा, पण सांगा.’ त्या मुलाचा उल्लेख केला नाही. प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवले, नावाशिवाय. डावी खाली का, रात्री कपडे ओले होतात तो आजार आहे का, सायकलने मूल होत नाही हे खरं का. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मला एकच आहे.’ मी सर्वांसमोर एवढंच सांगितलं की ज्याने हे लिहिलं त्याने मला एकट्याने भेटावं. सातवीतला एक मुलगा थांबला. त्याचा उजवा वृषण जन्मापासून जांघेतच अडकला होता. तो वर्ष-दीड वर्षाच्या आत खाली आणायला हवा होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं.